ट्रॅक्टर नको म्हणाली होती

शेवटच्या रविवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून गाडी चालू केली. दर रविवारी करायचो तशीच. मी बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपाची कांडी हातानं मारत होतो, आणि बायको स्टेअरिंगमागं बसून चोक ओढून धरत होती. गाडी खोकली, थुंकली आणि गप्प बसली. आतून आवाज आला,

"एळु, कत्ते, एळु!"

म्हणजे ऊठ गाढवा, ऊठ. बायको वळसंगची. माझ्याशी मराठी बोलायची, पण म्हशीशी, देवाशी आणि गाडीशी कानडीतच. यातलं गाढव म्हणजे गाडी की बॉनेटपाशी वाकलेला मी, हे मी कधी विचारलं नाही.

तिसऱ्या हाकेला गाडी उठली. गल्लीभर धूर झाला. शेजारणीनं वाळत घातलेले कपडे आत घेतले आणि आम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात शिव्या दिल्या. मी बॉनेट पाडलं, दार उघडलं, तशी बायको सरकली. आमच्या गाडीला पुढं दोन वेगळ्या सीटा नाहीत, सलग बाक आहे. ती गाडी चालू करून डाव्या अंगाला सरकायची आणि मी तिच्या गरम जागेवर बसायचो. गल्लीला वाटायचं गाडी माझ्या हुकमात आहे. चालवायचो मी, पण चालू करायची ती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला पुढं कळायचं होतं.

होटगी रोडला एका टपरीपुढं आम्ही रविवारी जमतो. आम्ही म्हणजे तिघं म्हातारे, एकाच कंपनीच्या जुन्या गाड्यांचे मालक. एक बँकेतून निवृत्त झालेला मॅनेजर. दुसरे कुशनवाले भाई, गाड्यांच्या सीटा शिवतात. तिसरा मी, शुक्रवार पेठेत पिठाची गिरणी चालवणारा, चौथी नापास.

कंपनीचं नाव लिहीत नाही. मेलेल्याला नावं ठेवल्यासारखं होईल. ती नेमकी कधी मेली यावरही आमचं एकमत नाही, कारण ती एका दिवसात मेलीच नाही. आधी गावातलं शोरूम गेलं, तिथं फरशीचं दुकान आलं. मग नवीन गाड्या दिसेनात. मग पार्ट मिळेनात. म्हाताऱ्या माणसाचं आधी फिरणं सुटतं, मग जेवण, मग ओळख, तसं झालं. शहाण्या लोकांनी त्या गाड्या भंगारात घातल्या आणि दुसऱ्या घेतल्या. आम्ही तिघं राहिलो. सोलापुरात त्या कंपनीच्या चालत्या गाड्या तीनच आहेत, आणि ढकलल्यावर चालते तीही चालतीच धरायची असं आमचं ठरलंय.

हे वेड कसलं, ते सांगतो. मॅनेजर पोराला मुलगी बघायला विजापूरकडं गेला होता. त्या घराच्या मागच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याला आमच्या गाडीचा मागचा लाल दिवा टांगलेला दिसला. कांदेपोहे यायच्या आत त्यानं दिवा मागितला. मुलगी पसंत आहे का ते पुढं कुणी विचारलंच नाही. लग्न मोडलं, दिवा मिळाला. मॅनेजरची बायको अजून त्या दिव्याकडं पाठ करून बसते. कुशनवाल्या भाईंच्या घरातल्या सोफ्यातून स्प्रिंगा वर आल्यात, पाहुण्यानं सांभाळून बसावं लागतं. गाडीतली सीट मात्र नवरीच्या पलंगासारखी.

त्या रविवारी मॅनेजरच्या हॉर्नवरून भांडण चाललं होतं. भाई म्हणत होते हा हॉर्न मूळचा नाही, ट्रकचा आहे. मॅनेजर म्हणत होता ओरिजिनल आहे. बायकोनं शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा उघडला आणि म्हणाली,

"मॅनेजरसाहेब, तुमची तरी कुठली वस्तू ओरिजिनल राहिली हो? दात बघा की."

मॅनेजरनं तोंड मिटलं. भाई हसले तशी ती त्यांच्याकडं वळली. "तुमी कशाला हसताय? तुमच्या डोक्याला तर कव्हरच न्हाय."

"भाभी," भाई टकलावरून हात फिरवत म्हणाले, "तुम आए की हमारी इज्जत जाती."

तेवढ्यात रस्त्यावरून एक मयत गेली. फुलं लावलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीत केळीचे खांब, मधे म्हातारीला बसवलेलं. आम्हा लिंगायतांतही तसंच. मेलेल्याला झोपवत नाहीत, बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. आम्ही तिघं उठून उभे राहिलो. बायको बसूनच होती. ट्रॅक्टर लांब गेल्यावर म्हणाली,

"मला असलं ट्रॅक्टरवरनं नेऊ नका हां. लगीन होईस्तोवर शेणाच्या ट्रॉलीत बसून बाजाराला गेले. आता पुन्हा न्हाय."

मी म्हणालो, "मग कशातनं न्यायचं? विमान सांगू?"

"आपल्या गाडीतनं. माझ्या जागेवर. तसंबी बसवूनच न्यायचंय की."

भाई म्हणाले, "पन भाभी, गाडी चालू कौन करेगा?"

"ते तुमी बघा. मी एक दिस सुट्टी घेणार."

आम्ही सगळे हसलो. मी जास्त हसलो.

दुपारी जेवण झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली, सुपात शेंगदाणे घेऊन. किडके काढत होती. मी खाटेवर पडलो होतो. पाणी मागितलं. उठली नाही. पुन्हा मागितलं, बहिरी झालीस का म्हणालो. तिनं माझं ऐकलं नाही असं संसारात लई वेळा झालं होतं, म्हणून मी काही लगेच उठलो नाही. तहान वाढली तेव्हा उठलो. सूप मांडीवर तसंच होतं, एक दाणासुद्धा सांडला नव्हता. डॉक्टर आला, हृदय म्हणाला, गेला. त्याच्यापेक्षा जास्त मलाही लिहिता येत नाही.

संध्याकाळी पुण्याहून मुलगी आली. वळसंगहून बायकोचा धाकटा भाऊ आला, तो ट्रॅक्टर घेऊनच. धुतलेला, पुसलेला, मडगार्डला तेल लावलेला. ट्रॉलीत केळीचे खांब आडवे टाकलेले. सख्ख्या बहिणीसाठी त्यानं शेतातलं काम टाकून हे सगळं केलं होतं, आणि मला त्याला सांगायचं होतं की हे चालणार नाही.

रात्र गेली. सकाळी सांगितलं.

"दाजी, डोकं ठिकाणावर हाय का?" मेव्हणा म्हणाला. "त्या डबड्यातनं आमच्या अक्काला न्यायचं?"

"तिनंच सांगितलंय."

"चेष्टेत म्हणली असंल."

"ती चेष्टेत म्हणायची ते सगळं मी आजवर केलंय. खरं म्हणायची त्याचं बघता येईल."

मुलगी रडून रडून बसली होती, पण तिथूनच म्हणाली, "मामा, आई मलाबी फोनवर म्हणली होती. गाडीतनंच."

 मग मेव्हण्यानं अट घातली, सगळ्यांदेखत. "बरं. पण मयत एकदा हलली की वाटंत थांबवायची न्हाय, ही आमच्याकडची रीत हाय. तुमची गाडी रुद्रभूमीत पुरायच्या जागंला पोचायच्या आत कुटं बी थांबली, तर तितल्या तितं अक्काला ट्रॅक्टरवर घेणार. मागनं ट्रॅक्टर घिऊन येतोच मी."

मी म्हणालो, "चालंल." दुसरं काय म्हणणार? तिनं आयुष्यात माझ्याकडं काही फार मागितलं नव्हतं. जे मागायची ते स्वतःच जाऊन आणायची. हे एक तिला स्वतः करता येण्यासारखं नव्हतं.

मॅनेजर आणि भाई आपापली हत्यारं घेऊन आले. बसवलेल्या माणसाला दारातून आत घेता येईना, तेव्हा मॅनेजरनं डावं दारच बिजागरीपासून काढून टाकलं. भाईंनी पाठीमागं उशा रचल्या, नव्या पांढऱ्या कापडाच्या पट्ट्यांनी तिला बाकाला अशी बांधली की बांधलेलं दिसू नये. इतकं चांगलं काम त्यांनी पैसे घेऊनही कधी केलं नसेल. कपाळाला विभूती, गळ्यात हार. बायको आपल्या जागेवर बसली. मी उजव्या बाजूनं आत बसलो, चोक ओढला, चावी फिरवली.

काही नाही.

मॅनेजर म्हणाला, "चोक अर्धा ओढा, अर्धा." अर्धा ओढला. काही नाही. भाई म्हणाले पूरा. पूरा ओढला. पेट्रोलचा वास सुटला. मॅनेजर म्हणाला आता पेट्रोल जास्त झालं, भाई म्हणाले कम हुआ. दोघं बॉनेटमधे डोकी घालून भांडायला लागले. त्या दिवशीसुद्धा. आणि मला कळेना की ती चोक ओढायची किती, पाय दाबायची कधी आणि सोडायची कधी. एवढी वर्षं मी त्या वेळेला बॉनेटपाशी असायचो. मला फक्त आवाज यायचा.

मुलगी खिडकीपाशी आली. हळूच, लाजत, गाडीला म्हणाली, "एळु, कत्ते."

 शेजारीण पदर तोंडाला लावून उभी. मी चावी फिरवली. गाडी नुसती करकरली.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, ते गाढव न्हाय, दगड हाय." आणि ट्रॅक्टरकडं निघाला.

तेव्हा मॅनेजर सरळ उभा राहिला. "अट थांबायची नाही अशी आहे. इंजिन चालू पाहिजे असं कुठं ठरलंय? ढकलून नेऊ."

"धक्का मारून मयत न्यायची?" मेव्हणा वळला. "लोक शेण घालतील तोंडात."

सगळ्यांनी आमच्या अय्यांकडं बघितलं. अय्या म्हणजे आमच्यातले जंगम, विधी सगळा तेच करतात. म्हातारे आहेत, जेवायची वेळ टळलेली त्यांना चालत नाही. ते म्हणाले,

"खांदा देतात म्हंजे तरी काय? जाणाऱ्याला हात लावतात. हात लागला म्हंजे झालं. चला, ऊन वाढाय लागलं."

चला म्हटल्यावर गल्लीतली माणसं पुढं आली. मागून ढकलायला जागा पुरेना एवढी. भाई आणि मॅनेजर मधे, शेजारणीचा नवरा एका कडेला, ज्यांची दळणं दर आठवड्याला माझ्याकडं असतात ते सगळे. पुढं अय्या शंख वाजवत. मी स्टेअरिंगवर. गाडी हलली. मागून ट्रॅक्टर निघाला, रिकामा, फटफट करत, मांजरानं उंदरामागं यावं तसा.

पेठेतनं बाहेर पडेपर्यंत सगळं नीट चाललं. लोक दुकानातून उठून हात जोडत होते. एकानं बाजूच्याला विचारलेलं मला ऐकू आलं, मयत म्हातारीची हाय का गाडीची? मी हसलो असतो, पण तिच्या गळ्यातल्या हारामुळं सगळे आमच्याकडंच बघत होते.

मग उतार लागला.

आता आमच्या गाड्यांची एक सवय आहे, म्हणजे आमची आहे. गाडी ढकलायची, उताराला वेग आला की ढकलणाऱ्यानं ओरडायचं "सोडा!" आणि आतल्यानं क्लच सोडायचा. एवढ्या वर्षांत हे आम्ही एकमेकांसाठी इतक्या वेळा केलंय की त्यात डोकं लागत नाही. उताराला गाडीनं वेग घेतला. ढकलणारी माणसं पळायला लागली. आणि मागून भाई, मयतीत आहोत हे विसरून, बोंबलले,

"छोडो!"

मी सोडला.

गाडीनं एक हिसका दिला, फाडकन आवाज केला आणि चालू झाली. ढकलणारे चार-पाच जण रस्त्यावर बसले. अय्या शंख घेऊन फुटपाथवर चढले म्हणून वाचले. आरशात मला दिसलं, सगळे हात वर करून पळतायत. थांबा म्हणत होते का जावा म्हणत होते, कळायला मार्ग नव्हता. थांबलो असतो तर इंजिन बसलं असतं. इंजिन बसलं असतं तर तिला ट्रॅक्टरवर घेतलं असतं. मी गिअर टाकला आणि गेलो.

चौकात पोलिसानं हात आडवा केला. त्याला एका बाजूचं दार नसलेली गाडी दिसली. शिट्टी तोंडात घातली. मग गाडीत बसलेली माझी बायको दिसली. त्यानं शिट्टी काढली, टोपी काढली आणि सगळ्या बाजूंची वाहनं थांबवली. आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला कुणी रस्ता मोकळा करून दिला. गाडीसुद्धा इतकी छान चालली, एकदाही खोकली नाही. वळणावर बायको माझ्या अंगाला जराशी टेकली. पट्ट्या भाईंनी चांगल्या बांधल्या होत्या, तरी टेकली.

रुद्रभूमीत खड्डा खणणारा बिडी ओढत बसला होता. मला बघून उठला.

"माणसं कुटायत?"

"येतायत."

"आन मयत?"

"ही काय शेजारी."

त्यानं बिडी टाकली. मी खाली उतरलो नाही. मेव्हण्यानं गाडी चालती डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी थांबलो नाही हे त्याला पटलं नसतं, म्हणून आतल्या मोकळ्या जागेत लिंबाच्या झाडाभोवती हळूहळू फेऱ्या मारत राहिलो. आम्ही दोघंच. तिच्याशी काहीतरी बोलावं असं लई वाटलं. पण इंजिनाचा आवाज एवढा होता की ओरडावं लागलं असतं, आणि तो खड्डेवाला बघत होता.

माणसं आली ती सगळी ट्रॅक्टरवर बसून आली. ट्रॉली गच्च भरलेली. मॅनेजर केळीच्या खांबाला धरून, अय्या मडगार्डवर, शंख पोटाशी. मेव्हणा उडी मारून उतरला.

"मयत घिऊन पळाला की हो तुमी! अशी कुटं रीत असती का?"

मी म्हणालो, "थांबलो न्हाय. विचार ह्याला."

खड्डेवाल्यानं मान हलवली. "न्हाय थांबले. मीच थांबा म्हनत हुतो, माती उडाय लागली म्हनून."

मेव्हण्यानं गाडीकडं बघितलं. मी ती आता लिंबाखाली उभी केली होती, पण इंजिन चालू होतं. त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून काढला. मग आत वाकून बहिणीच्या कपाळावरची विस्कटलेली विभूती अंगठ्यानं सारखी केली. "चला," म्हणाला, "उतरवू या." 

तिला खाली घेतलं. मीठ घातलं, विभूती घातली, बेलाची पानं घातली. चावी बंद करायची कुणाला आठवली नाही. मुलगी मूठभर माती टाकत होती तेव्हा गाडीनं मागं शिट्टीसारखा आवाज केला, पाणी उकळून बाहेर आलं आणि इंजिन बसलं. अय्या मंत्र म्हणता म्हणता थांबले आणि पुन्हा चालू झाले. गाडीला ते जमलं नाही. गार होऊ दे, पाणी घाला, सगळं करून बघितलं, हलेना. गाडी लिंबाखालीच ठेवून आम्ही घरी आलो. ट्रॉलीत बसून. मॅनेजर, भाई आणि मी पाय सोडून मागं बसलो होतो. ट्रॉलीला शेणाचा वास येत होता. तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा न घेता पाण्याचा डबा उचलून निघालो, तर मेव्हणा दारात ट्रॅक्टर चालू करून बसलेला. मडगार्डला साखळी गुंडाळलेली.

"बसा," म्हणाला.

"मी चालत जाणार. ट्रॅक्टरनं ओढून न्यायला ती गाडी काय मेलेलं जनावर न्हाय."

"मी कुटं काय म्हणालो? बसा तर."

बसलो. रुद्रभूमीत आधी आम्ही दोघांनी तिच्या मातीवर दूध घातलं. मग मी रेडिएटरमधे पाणी ओतलं, चोक ओढला, चावी फिरवली, मेव्हणा लांब तोंड फिरवून उभा. पुष्कळ वेळ फिरवली. मग मी खाली उतरलो आणि त्याला साखळी बांधू दिली. गाठ त्यानं चांगली बांधली, बंपरला फडकं गुंडाळून, रंग जाऊ नये म्हणून.

पुढं ट्रॅक्टर, मागं मी स्टेअरिंग धरून. मेव्हणा इतका हळू चालवत होता की सायकलवाले पुढं जात होते. सारखा मान वळवून मागं बघायचा. अर्ध्या वाटेत चहाची टपरी दिसली. त्यानं ट्रॅक्टर कडेला घेतला, उतरून माझ्या खिडकीपाशी आला.

"दाजी, च्या घिऊ."

मी म्हणालो, "मधेच कशाला? घर आलंच की."

"कालपासनं तुमी बी काय घेतलं न्हाय, मी बी न्हाय." त्यानं दार उघडून धरलं. "आता थांबलं तर चालतंय."

मी उतरलो. टपरीवाल्याला दोन चहा सांगितले. चहा लई गोड होता. मी प्यालो, आणि आणखी एक सांगितला.